लाल धाग्याच्या नळ्या

माझं काम मरणं मोजण्याचं आहे, असं मी पहिल्या तासाला सांगते तेव्हा वर्गातल्या पोरी एकमेकींकडे पाहून हसतात. मॅडम नाटक करून राहिल्या, असं त्यांना वाटतं. मग मी टेबलावर काचेची एक नळी ठेवते. तिच्या तळाला रवा-गुळाचा घट्ट लगदा, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत वीस फळमाशा. उद्यापासून रोज यायचं, तळाशी पडलेल्या मोजायच्या आणि वहीत लिहायचं, असं सांगितलं की हसणं बंद होतं.

साकोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. म्हातारपण कुठून येतं, आयुष्य कशानं लांबतं, हे शोधायला जगभर जे जीव पाळतात त्यांचा एक तास माझ्याकडे असतो आणि तो मी कुणाला देत नाही. मातीतला मिलिमीटरभर किडा, तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. फळमाशी दोन-अडीच महिने. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षं. आफ्रिकेतल्या डबक्यातली एक मासोळी तर डबकं आटायच्या आत वाढते, अंडी घालते आणि मरते, आणि अंडी सुक्या चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतात. पोरींना मासोळी आवडते, कारण प्रत्येकीच्या गावाला एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं, असते आणि उन्हाळ्यात भेगाळलेली बोडी प्रत्येकीनं पाहिलेली असते.

मी मात्र तो तास घेताना दर वर्षी एकाच माणसाला शोधत असते. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या माणसाला सांगितलं ती माझी माय होती, चौथी शिकलेली, आणि तिच्यासारखे प्रश्न आजवर एकाही विद्यार्थिनीनं विचारले नाहीत.

"अन् माणसाइवर काहून नाही पाहत?" तिनं विचारलं होतं.

"माणूस मरेपर्यंत पाहणाराच मरून जाते, माय. म्हणून लवकर मरणारे पाहिजेत."

"मंग लवकर मरणाऱ्याइले पाहून उशिरा मरणाऱ्याइचं काय कळते?"

या प्रश्नावर लोक जाडजाड ग्रंथ लिहितात. मी तेव्हा म्हटलं, "तुले नाही कळाचं ते." अशी होते मी. अजूनही फार सुधारले आहे असं नाही.

आमचं गाव लाखनीपासून आत, तलावाच्या पाळीखाली. बाबा मी बारावीत असताना गेले, त्यानंतर घरात आम्ही दोघीच, आणि धानाच्या चार बांध्या, बांध घातलेली लहान शेतं. मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा आमचं बोलणं रविवारी सकाळी दहा वाजता फोनवर व्हायचं. आठवडाभरात मला सांगायचं काही आठवलं की माय पदराला एक गाठ मारायची. गायीला कालवड झाली, गाठ. शेजारच्या काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, गाठ. रविवारी एकेक सांगायचं आणि एकेक गाठ सोडायची. शेवटची सुटली की म्हणायची, "झालं बाप्पा, मोकळी झाली मी." मधे मी तोंड घातलं की चिडायची. "मधात नोको बोलू ना वो. गाठ कोन्ती होती तेच भुलली मी."

मी मधात बोलायचेच. मला घाई असायची.

घाई कशाची, तर पीएचडीची. सहा वर्षं झाली होती आणि नोंदणीची मुदत संपत आली होती. माझा प्रश्न साधा होता. जांभळाच्या बियांची भुकटी खाण्यात घातली तर फळमाशी जास्त जगते का? बारा नळ्या होत्या, प्रत्येकीत वीस माशा. सहांना लाल धागा बांधलेला, त्यांच्या खाण्यात भुकटी. सहांना निळा धागा, त्यांना साधं खाणं. दर तिसऱ्या दिवशी माशा ताज्या खाण्याच्या नळीत उलटायच्या आणि धागाही जुन्या नळीचा काढून नव्या नळीला बांधायचा. हा शेवटचा प्रयोग होता. फसला तर सहा वर्षं पाण्यात.

माशा नुकत्या नळ्यांत भरल्या आणि लॉकडाऊन लागलं. प्रयोगशाळेला कुलूप. माशा मी खोलीवर आणल्या. खोलीत उन्हानं माशा काय, मीच मेले असते. शेवटी परवानगीचा कागद मिळाला, आणि थर्माकोलच्या डब्यात नळ्या, वर चौदा दिवस पुरतील एवढ्या ताजं खाणं भरलेल्या नळ्या, असं घेऊन मी मे महिन्याच्या सुरुवातीला भर दुपारी गावात उतरले. गावाच्या तोंडाशीच अडवलं. नागपूरहून आली, चौदा दिवस शाळेत राहायचं. मी भांडले, हातपाय आपटले. ऐकतो कोण! माझ्यावर ज्यांनी लहानपणी शेंबूड पुसायचे उपकार केले होते तेच काका तोंडाला गमछा बांधून मला म्हणत होते, "बाई, दूर उभी राहा."

आणि माशा? शाळेच्या वर्गावर पत्रे तापायचे आणि वऱ्हांड्यात ऊन थेट यायचं. तिथं त्या दोन दिवसांत वाळल्या असत्या. मग फाटकाबाहेर माय उभी आणि आत वऱ्हांड्यात मी, मधे वीस पावलं. डबा फाटकापाशी ठेवून मी मागे सरले, तिनं उचलला आणि एक नळी उन्हात धरून पाहिली.

"हा तं शिरा हाय वो! माशाइले शिरा?"

"माय, मस्करी नोको करू. ध्यान देऊन आयक."

मी रिकामी नळी घेऊन ओरडत ओरडत शिकवलं. हलके ठोकायची, माशा खाली बसतात, बोळा काढायचा, नव्या नळीवर उलटी करायची, जुन्या नळीचा धागा नवीला बांधायचा. तिनं एकदा पाहिलं आणि केलं. परहे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून उपटून ज्या हातांना नाजूक देठ न मोडता धरायची सवय झाली होती, त्यांना माशी म्हणजे काय मोठी गोष्ट. मी ओरडले, "रोज सांजच्याले मोज, किती हायेत ते वहीत लिहून ठेव." आणि मग ती जायला वळली तेव्हा मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "माय, लाल धाग्यातल्या जगल्या पायजे वो! त्याच्यावरच माहं सगळं हाय!"

"जगतेत ना. काहून नाही जगत," म्हणाली आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

शाळेत मी एकटीच. चौथीचा वर्ग, एक सतरंजी आणि फळा. रोज संध्याकाळी माय फोनवर आकडे वाचून दाखवायची. डबा तिनं माठाशेजारी, ओल्या पोत्याखाली ठेवला होता. पहिल्या दिवशी लाल नळ्यांत सगळ्या, निळ्यांत दोन कमी. दुसऱ्या दिवशी लाल सगळ्या, निळ्या अजून तीन कमी. मी खडू घेतला आणि फळ्यावर दोन रेघा काढायला सुरुवात केली. आठव्या दिवसापर्यंत निळी रेघ जिन्यासारखी खाली उतरली होती आणि लाल रेघ वर सरळ, पट्टीनं मारल्यासारखी.

"माय, खरंच एकही नाही मेली?"

"भरलेल्या हायेत सगळ्या. वीस वीस."

मी त्या वर्गात नाचले. आता लाज वाटते सांगायला, पण नाचले, चौथीच्या पोरांनी कार्डशीटचे पोपट चिकटवले होते त्या भिंतींसमोर. महिन्याच्या वरच्या माशा आणि एकही मरत नाही! कुठल्याही शहाण्या बाईला शंका आली असती. मलाही आली होती, आणि तिला मी कोपऱ्यात बसवलं. मला ते खरं हवं होतं. नुसत्या पदवीसाठी नाही. त्या चौदा दिवसांत मी काय काय मनात आणलं! आमच्या परसातल्या जांभळाची भुकटी, मग ती मायला देईन, रोज चमचाभर, आणि तिचीही रेघ अशीच सरळ जाईल. मार्गदर्शक मॅडमना मी फळ्याचा फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "मला विश्वास बसत नाही, पण तू घरी गेलीस की नीट पाहा."

पंधराव्या दिवशी घरी गेले. हात धुतले, भिंग घेतलं, लाल धाग्याची पहिली नळी उचलली.

माझ्या माशा पांढऱ्या डोळ्यांच्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेतला तो जुना वाण. आणि नळीत निम्म्याहून जास्त माशा लालभडक डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होत्या. घरच्या माशा. कोनाड्यात तणसात आंबे पिकायला घातले होते, त्यावर घोंगावणाऱ्या. मायच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. माशी तिला दिसायची, माशीचे डोळे दिसायचे नाहीत.

"माय, हे काय केलं तू?"

ती चुलीपाशी होती. सहज म्हणाली, "मेल्या त्याइच्या जागी दुसऱ्या घातल्या. आंब्याची कोय नळीत ठेवली का येतेत आपोआप. नांग्या भरल्या."

धानाचं रोवणं झालं की आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे बाया पुन्हा बांधीत उतरतात. जिथं रोप सडलं, मेलं, तिथं नांगी पडते, म्हणजे मोकळी जागा. उरलेल्या परह्यातलं रोप आणून ती भरायची. नांगी तशीच ठेवणारी बाई गावात आळशी ठरते. माझी माय आयुष्यात आळशी ठरली नव्हती. पोरीनं ओरडून सांगितलं होतं की लाल धाग्यातल्या जगल्या पाहिजेत. निळ्यांबद्दल पोरगी काही बोलली नव्हती, म्हणून निळ्या तिनं देवावर सोडल्या.

मला हे सगळं आता कळतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले! सहा वर्षं मातीत घातली म्हणाले. अडाणी म्हणाले. माझ्या मायला, तोंडावर, अडाणी. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"तू मले सांगतली काहून नाही, मरणं मोजाचं हाय म्हणून? मले वाटलं जगवाचं काम हाय."

"किती मेल्या ते तरी ठाऊक हाय का तुले?"

"हाय ना वो. मी गाठी..."

"तुह्या गाठी घाल चुलीत!"

ती चुलीकडे वळली. तिथूनच म्हणाली, "जेवून घे. बोरं घालून अंबाडीची भाजी केली." मी जेवले नाही. मी खोलीत वही घेऊन बसले आणि, खोटं कशाला बोलू, बराच वेळ ती वही तशीच पाठवून द्यावी का याचा विचार केला. लाल डोळ्यांच्या माशा फेकून दिल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? शेवटी मॅडमना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "मुदतवाढ मागू. पुन्हा कर."

मायची माफी मी मागितली नाही. आमच्याकडे माफी मागायची पद्धत कुठं असते? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "चाय घेतं का?" मी घेतला आणि तो विषय संपला, असं मी धरून चालले.

प्रयोग पुन्हा केला. कॉलेज उघडल्यावर, नव्या माशा, नव्या नळ्या, पुन्हा दीड वर्ष. उत्तर आलं की काही फरक नाही. भुकटी खा की नका खाऊ, लाल आणि निळ्या सारख्याच मरतात. फरक नाही हेही उत्तरच असतं, त्यावर पदवी मिळाली. रविवारी फोनवर मायला सांगितलं तर म्हणते, "इतकं तं मले तवाच माहीत होतं."

"हो, तुले तं सगळंच माहीत असते," मी म्हटलं आणि हसले. तीही हसली. मग म्हणाली, "दुसरी गाठ आयक."

गेल्या दिवाळीनंतर, धान कापणीला आलं असताना, माय अंगणात पडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस होती. डोळे उघडे होते, बोलता येत नव्हतं. माझा हात धरायची आणि सोडायची, पुन्हा धरायची. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. नर्सनं तिची साडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ती पिशवी मी घरी आणून कपाटावर ठेवली आणि तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

माझी माय किती जगली, हे मी मोजत बसले नाही. मोजता येत असूनही.

यंदा मिरगाच्या आधी मी चार दिवस गावी गेले. परसात वाल, दोडका लावायचे होते. माय गेली म्हणून परस उजाड ठेवायचं का? माय बियाणं कुठं ठेवायची ते मला माहीत नव्हतं, शोधत बसले. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे, माझ्या नळ्या सापडल्या. धाग्यांच्या बाराही. तिनं त्या घासूनपुसून ठेवल्या होत्या आणि त्यात बी भरलं होतं. वाल, दोडका, भोपळा, चवळी, तोंडाला कापूस. धागे अजून बांधलेलेच होते, सहा लाल, सहा निळे.

लाल धाग्याची नळी हातात घेतली तर बोटाला काहीतरी टोचलं. धाग्याची लोंबती टोकं लांब सोडलेली होती आणि त्यांना गाठी होत्या. बारीक, घट्ट, एकापुढे एक. त्या दिवशी भिंगातून मी माशांचे डोळे तेवढे पाहिले होते, धागा नाही. निळा धागा पाहिला. साधा, एकही गाठ नाही. पुन्हा लाल पाहिले, सहाही.

मी तिथंच खाली बसले आणि मोजायला लागले. सहा धागे मिळून एकसष्ट गाठी झाल्या. ती जुनी वही माझ्या पेटीत होती, काढली. निळ्या नळ्यांत चौदा दिवसांत मेलेल्या माशा त्रेसष्ट.

तिनं मोजलं होतं. प्रत्येक मेलेली माशी तिनं मोजली होती आणि मग तिची जागा भरली होती. वहीत 'हायेत' त्या लिहायला मी सांगितल्या, म्हणून हायेत त्या लिहिल्या, आणि नाहीत त्यांच्यासाठी स्वतःची पद्धत वापरली. एकसष्ट आणि त्रेसष्ट. फरक नाही. जे शोधायला मी पुढं दीड वर्ष घालवलं ते माठाशेजारी ओल्या पोत्याखाली तिला चौदा दिवसांत कळलं होतं. मधे घातलेल्या घरच्या माशाही त्यात मेल्या असतील, शास्त्राच्या कसोटीला ते टिकणार नाही, हे मला कळतं. माझ्या वर्गात हे कुणी लिहून दिलं तर मी लाल शाईनं खोडीन. पण मी विचारलं होतं, किती मेल्या ठाऊक आहे का, आणि तिला ठाऊक होतं, आणि ती सांगत होती.

मग मला कपाटावरची पिशवी आठवली.

स्टुलावर चढून ती खाली काढली. पिशवीची गाठ सोडली, साडी काढली. तिचा वास होता, धुराचा आणि खोबरेल तेलाचा. पदर शोधला. पदराला तीन गाठी होत्या.

तिच्या तीन गोष्टी मला सांगायच्या राहून गेल्या. मी खूप अंदाज केले. एक धानाची असेल, कापणीला बाया किती लावायच्या त्याची. एक काकूच्या गुडघ्याची असेल, ते दर वेळी असायचंच. तिसरीचा अंदाजच येत नाही. दवाखान्यात ती माझा हात धरून सोडत होती, ते तीन वेळा होतं का, हेही मला आठवत नाही. जिला मोजायचंच काम येतं तिनं नेमकं तेवढं मोजलं नाही.

सगळे म्हणतात साडी धुऊन टाक, कुणाला तरी दे. मी धूत नाही. धुताना गाठी सुटतील. साकोलीला आणली आहे, उशीखाली असते. रविवारी सकाळी दहा वाजले की मी ती मांडीवर घेते, पदर हातात धरते आणि बसून राहते. सांग ना वो माय. पयली कोन्ती होती? सांग, आता मी मधात नाही बोलत.